साहेबाचे मेज आणि मोहाचे फूल

दिवाळीचा फराळ पुढ्यात असताना परक्या ठिकाणच्या जेवणाची हकीकत सांगत बसणे तितकेसे बरे दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु जेवण हा विषयच असा आहे, की एका ताटावरून दुसऱ्या ताटाची आठवण निघतेच. गेल्या माघ महिन्यात मुंबईस मी एक जेवण जेवलो. जेवण उत्तम होते. तरी ते पचावयास मला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जुनी पुस्तके पुन्हा चाळावी लागली, तापी ओलांडून धरणगावला जावे लागले आणि शेवटी सातपुड्याच्या पायथ्याशी एका पावरा म्हातारीच्या अंगणात बसावे लागले. त्या सगळ्याचा हा हिशेब आहे.

प्रकरण सुरू झाले ते माझ्या पुतण्यामुळे. आमचे घर चोपड्याचे. घरची थोडी केळीची बाग आहे, आणि रस्त्याला लागून एक रिकामा तुकडा आहे. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. पुतण्या हॉटेलचे शिक्षण घेऊन दहा वर्षे मुंबईत राबला. आता त्याला गावी परतून त्या तुकड्यावर स्वतःचे रेस्टॉरंट काढावयाचे आहे. तेही साधेसुधे नव्हे, इंग्रजी अमदानीतल्या बंगल्याच्या थाटाचे. उतरत्या कौलांचा ओटा, वेताच्या खुर्च्या, छताला संथ फिरणारे लाकडी पात्यांचे पंखे, भिंतीवर शिकारीची छायाचित्रे, आणि ताटात मात्र खानदेशचेच पदार्थ, नव्या रूपात. नावही त्याने ठरवून टाकले होते: ‘औट्रम साहेबाचा बंगला’.

“नाना, तुम्ही फक्त एक काम करा,” तो म्हणाला. “मेनूच्या पाठीमागे चार ओळी इतिहास पाहिजे. लोकांना वाचायला बरे वाटेल असा.”

“बरे वाटेल असा इतिहास पाहिजे असेल तर शिंप्याकडे जा,” मी म्हणालो. “तो अंगाचे माप घेऊन बेतून देईल.”

तो हसला. म्हणाला, “आधी एकदा असल्या ठिकाणी जेवून तर पाहा. मग लिहा काय लिहायचे ते.” आणि मला मुंबईला घेऊन गेला.

हा थाट आज काही एकट्या माझ्या पुतण्याच्याच डोक्यात आलेला नाही. लंडनमध्ये २०१० साली ‘दिशूम’ निघाले, ते मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांच्या आठवणीवर. २०१३ साली त्याच शहरात, मेफेअरसारख्या श्रीमंत वस्तीत, ‘जिमखाना’ निघाले, ते साहेबांच्या हिंदुस्थानातील क्लबांच्या धर्तीवर. मुंबईत लोअर परळला, जिथे गिरण्यांचे भोंगे वाजत होते तिथे, २०१५ साली ‘बॉम्बे कॅन्टीन’ सुरू झाले आणि प्रांतोप्रांतीच्या घरगुती पदार्थांना तिथे नवे रूप मिळाले. त्याच परळच्या एका बड्या हॉटेलात ‘साहिब रूम अँड किपलिंग बार’ या नावाचे दालन निघाले. किपलिंग १८६५ साली मुंबईतच, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला, तेव्हा त्याच्या नावाचा पेला मुंबईत भरला जावा यात नवल नाही. एकूण, साहेब गेला त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली, आणि त्याची खुर्ची मात्र पुन्हा बाजारात आली आहे.

आम्ही गेलो ते ठिकाण यांपैकी कोणतेही नव्हे. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. दारात फेटा बांधलेल्या दरवानाने मला वाकून नमस्कार केला. जन्मात मला कुणी इतके वाकून पाहिले नव्हते. मीही संकोचून तितकाच वाकलो, आणि आम्हां दोघांचीही अडचण झाली. आत वाढपी मंडळी पांढरे लांब कोट, कमरेला तांबडे पट्टे आणि छातीवर पितळी बिल्ले लावून फिरत होती. आमच्या मेजासमोरच्या भिंतीवर एक मोठे जुने छायाचित्र होते. मध्ये टोपीवाला साहेब, त्याचा एक बूट मेलेल्या वाघाच्या मानेवर, आणि मागे आठ-दहा माणसे उभी: हाकारे घालणारे, बंदूक वाहणारे, पाण्याची सुरई धरलेला एक पट्टेवाला. खाली नाव होते ते एकट्या साहेबाचे.

मग पदार्थ येऊ लागले. वांग्याचे भरीत एका इवल्या काचेच्या पेल्यात आले, वर कांद्याच्या पातीचे दोन तुरे आणि शेजारी कळण्याच्या भाकरीचा नखाएवढा, बिस्किटासारखा कुरकुरीत तुकडा. शेवभाजीची शेव बशीत वेगळी, आणि रस्सा वाढप्याने चहाच्या किटलीतून आमच्यासमोर ओतला. फौजदारी डाळ तर अशी नटून आली की फौजदाराने पाहिली असती तर तिला सलाम ठोकला असता. खोटे कशाला बोलू? चव होती. आमच्या आईच्या हातची ठसक्याची नव्हे, पण ती करणाऱ्याला आमची चव समजली होती. जुन्या पदार्थाला नवा अंगरखा शिवण्यात गैर काही नाही. पुरणपोळी खापरावर गेली तेव्हा तीही कुणाची तरी नवी कल्पनाच असणार.

शेवटी पुतण्याने मागवलेले कॉकटेल आले. उंच दांड्याचा पेला, काठाला लिंबाची साल, तळाशी बर्फाचा एक निर्मळ चौकोन. मी पीत नाही. पण पेला जवळ येताच जो वास आला त्याने मी खुर्चीत सरळ झालो. तो मोहाचा वास होता. चैत्रात सातपुड्याकडे जाणाऱ्या वाटेवर पहाटे जो गोड, किंचित आंबूस, डोके जड करणारा वास येतो, तो.

वाढपी तरुण होता, विनयशील होता. त्याला शिकवले होते तसे तो म्हणाला, “सर, ही आमची खास मोहाची ड्रिंक. ब्रिटिश काळातल्या क्लबांच्या परंपरेतली आहे.” एका पेल्याची किंमत साडेआठशे रुपये होती.

मला राग आला नाही. त्या पोराचा त्यात काय दोष? पण तीस वर्षे खडू धरलेल्या माणसाला फळ्यावरची चूक पुसल्यावाचून राहवत नाही. मोह साहेबाच्या क्लबात कधीच नव्हता. तो कुठे होता, आणि साहेबाने त्याचे काय केले, ते पाहू.

साहेबाच्या मेजावर आपल्याकडचे पुष्कळ काही होते, हे आधी कबूल केले पाहिजे. त्याच्या पेयांची आणि पदार्थांची नावेच ते सांगतात. तमिळ मंडळींच्या मिरपाण्याचे त्याने ‘मुळगातानी’ सूप केले. आपल्या खिचडीत मासळी आणि अंडी घालून तिला ‘केजरी’ म्हटले. ताडीची ‘टॉडी’ केली. ‘पंच’ नावाच्या पेयाचे मूळ आपल्या ‘पाच’ या आकड्यात आहे असे फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टराने आपल्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात लिहिले आहे. हा फ्रायर शिवकालात मुंबईस आला होता आणि १६७५ साली जुन्नरपर्यंत जाऊन आला होता. सगळेच पंडित ही व्युत्पत्ती मानीत नाहीत. पण दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसांचा हिशेब जुळतो खरा. पुढे १८३३ साली अमेरिकेतील तळ्यांचा बर्फ जहाजात भुशाखाली दडवून कलकत्त्यास उतरवला गेला, तेव्हा साहेबाचा पेला गार झाला. हिवतापावरच्या कडू क्विनीनचे १८५८ साली लंडनमध्ये ‘टॉनिक’ पाणी झाले, तेव्हा त्याला पिण्यासाठी औषधाचे निमित्तही मिळाले. तेव्हा देवाणघेवाण होती. प्रश्न इतकाच, की घेतले कुणी, दिले कुणी, आणि मेजाभोवती बसले कोण.

आता खानदेशाकडे येऊ. तापी ओलांडून धरणगावला गेले, की इंग्रजांची पावले फार जुनी सापडतात. १६७४ साली तिथे त्यांनी कापडाच्या खरेदीसाठी वखार घातली, आणि पुढल्याच वर्षी महाराजांच्या फौजेने ती लुटली. राज्यकर्ता म्हणून साहेब आला तो १८१८ साली, पेशवाई बुडाल्यावर. त्या वेळी खानदेश म्हणजे ओसाडी होती. होळकरी फौजेची लूट, तिच्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ, पेंढाऱ्यांचा उच्छाद. गावेच्या गावे उठून गेली होती. भिल्ल डोंगरात शिरले होते, आणि त्याचे कारण केवळ लुटीची हौस नव्हते. पेशवाईच्या अखेरीस बाळाजी लक्ष्मण या सरदाराने भिल्लांना कोपरगावास बोलावून घेतले आणि दगा देऊन त्यांची कत्तल केली. आपल्या लोकांनी त्यांना दिलेले आमंत्रण हे असे होते. हे पानही आपल्याच इतिहासाचे आहे. ते उलटून पुढे जाता येत नाही.

अशा माणसांना वश करण्याचे काम गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत, १८२५ साली, जेम्स औट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे आले. भिल्लांचीच पलटण उभी करावयाची आणि तिच्याकडूनच डोंगराचा बंदोबस्त करावयाचा, अशी ती योजना होती. पलटणीचे ठाणे धरणगाव. पण भरती होणार कशी? भिल्ल जवळ येईनात. पुन्हा कोपरगाव होईल अशी त्यांना धास्ती. औट्रमने आधी हत्यार चालवून पाहिले, आणि मग निराळी वाट धरली. काही नाईकांशी संधान बांधून तो एकटा, पहारा न घेता, त्यांच्या रानात गेला, त्यांच्यात राहिला आणि त्यांना मनमुराद ब्रँडी पाजली. हे मी पदरचे सांगत नाही. ब्रँडीने त्यांची मने जिंकली आणि पहाऱ्यावाचून त्यांच्यात राहून विश्वास, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. अखेर पाच भिल्ल तयार झाले. त्या पाचांपासून खानदेशची भिल्ल पलटण वाढली.

माझ्या पुतण्याच्या मनातला साहेबी पेला खानदेशात पहिल्यांदा भरला गेला तो असा. तो बंगल्यात नव्हे, रानात भरला गेला. आणि त्या एका प्रसंगी तरी साहेब आणि भिल्ल समोरासमोर बसले होते, हे औट्रमच्या पदरात घातलेच पाहिजे. पुढे ही पलटण मालेगावच्या छावणीत गेली, तेव्हा तिथल्या पायदळातील उच्चवर्णीय शिपायांनी भिल्लांना शिपाईगडी म्हणून आपल्यात घेतले, त्यांना विडा-सुपारी दिली. विडा-सुपारी ही लहान गोष्ट, पण ज्याला कधी कुणी ती दिली नाही त्याला ती लहान वाटत नाही.

मात्र ब्रँडीने जिंकलेली मने ब्रँडीइतकीच टिकतात. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक हा कंपनी सरकारचाच चाकर होता. १८५७ साली तो उठला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीच्या लढाईत भिल्ल स्त्रीपुरुष सरकारी फौजेशी झुंजले. त्याच सुमारास औट्रम मात्र लखनौला मोठा सेनापती म्हणून गाजत होता. १८६३ साली तो वारला, तेव्हा त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरले. अंबापाणीच्या माणसांना कुठे पुरले, हे विचारणारे त्या वेळी कुणी नव्हते.

मग आले १८७८ साल. हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या एका वर्षी तीन गोष्टी घडल्या. पहिली: नवा जंगल कायदा झाला आणि राखीव रानातील लाकूड, गवत, फळ, फूल सरकारचे ठरले. दुसरी: मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला, आणि सरकारी मक्त्यावाचून दारू गाळणे हा गुन्हा ठरला. तिसरी: मद्रासेत ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या केनी-हर्बर्ट नावाच्या लष्करी साहेबाचे पाकशास्त्रावरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. म्हणजे ज्या वर्षी साहेबाच्या मेजावर काय असावे याचे शास्त्र छापले गेले, त्याच वर्षी भिल्लाच्या अंगणातली भट्टी कायद्याने विझली.

मोह म्हणजे आदिवासीला नुसती दारू नव्हे. फाल्गुन-चैत्रात पहाटे पहाटे ही मेणासारखी, फिकट पिवळी, रसाळ फुले टपटप गळतात. बायकापोरे झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा स्वच्छ करून ठेवतात आणि फटफटताच टोपल्या भरतात. वाळवलेले फूल वर्षभर टिकते. ते भाजून खातात, शिजवून खातात, पिठात घालतात. बियांचे तेल काढतात. दुष्काळात धान्य संपले की मोह माणसे जगवतो. दारू ही त्यातली एक जिन्नस; ती देवाला लागते, जन्माला लागते, लग्नाला आणि मर्तिकाला लागते. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे झाड म्हणजे महसुलाची चोरी करणारे झाड ठरले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी तर १८९२ साली नुसत्या मोहफुलांवर निर्बंध घालणारा खास कायदाच झाला. घरची दारू बंद झाली. मक्तेदाराचे दुकान उघडले. जी गोष्ट झाडाखाली फुकट मिळत होती ती उधारीवर मिळू लागली, आणि उधारीबरोबर सावकार आला.

इथे कुणी असे समजू नये की मी मोहाच्या दारूचे पोवाडे गातो आहे. तिने घरेही बुडवली, आणि ते आदिवासींनीच प्रथम ओळखले. १९२२ साली दक्षिण गुजरातेत आणि खानदेशाच्या पश्चिम भागात ‘देवी’ची चळवळ उठली, देवी अंगात येऊन सांगे, की दारू सोडा, रोज स्नान करा, मक्तेदाराच्या दुकानाची पायरी चढू नका. पुढे तळोद्याजवळच्या मोरवडचे गुलाम महाराज, आणि १९३८ साली ते निवर्तल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज, यांनी तेच काम केले. एकमेकांस ‘आप’ म्हणा, म्हणजे दुसऱ्याचा मान राखा, अशी त्यांची शिकवण. तेव्हा मोह पिणे ही आदिवासीची निवड होती आणि सोडणे हीही त्याचीच निवड होती. कायद्याने मात्र त्याला कधी काही विचारले नाही. स्वराज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला तरी मोहफुलांच्या पाठीमागचा पहारा उठला नाही. फुले गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध महाराष्ट्र सरकारने उठवले ते २०२१ साली. मधल्या काळात तीच दारू शहाण्या लोकांनी सनदशीर बाटलीत भरली, आणि ती साडेआठशे रुपयांच्या पेल्यात जाऊन बसली.

आता साहेबाच्या क्लबाचे पाहू. मुंबईचा बॉम्बे जिमखाना १८७५ सालचा. तिथे हिंदी माणसाला प्रवेश होता, पण तो पाठीमागच्या दाराने, हातात ताट घेऊन. अखेर गव्हर्नर विलिंग्डनने १९१८ साली दोन्ही समाजांसाठी निराळा क्लब काढला तेव्हा हिंदी सभासदाला पुढचे दार उघडले; तेही अर्थात राजेरजवाडे आणि शेठ मंडळींना. मेमसाहेबांसाठी फ्लोरा ॲनी स्टील आणि तिच्या सहकारिणीने १८८८ साली घरव्यवस्थेचे एक जाडजूड पुस्तक लिहिले. हिंदी नोकर हा वयाने वाढलेला मूलच असतो, तेव्हा त्याला मुलासारखेच वागवावे, असा तिचा उपदेश. मग बिल्ले आणि पट्टे लावून जे उभे राहत, त्यांना काय वाटत असेल?

ते मला थोडेसे ठाऊक आहे. माझे आजोबा कचेरीत पट्टेवाले होते. थंडीत कलेक्टरचा दौरा निघे आणि रानाच्या कडेला तंबू पडत. आजोबा सांगत, की साहेब येण्याच्या तीन दिवस आधीपासून खेड्यांतून कोंबड्या, अंडी, दूध, सरपण गोळा होई. वहीत प्रत्येक जिनसेची किंमत लिहिली जाई. ती देणाऱ्याच्या हातात पडे की नाही, हे वहीत लिहिलेले नसे. साहेब जेवत असताना आजोबा खुर्चीमागे तास तास उभे राहत. साहेब स्वभावाने वाईट नव्हता, असे ते आवर्जून म्हणत. एकदा त्यांना ताप आला तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने क्विनीन दिले होते. पण रात्री तंबूमागे बसून भाकरी खाताना आपल्याला आपलीच पाठ दिसत नाही असे वाटे, असे एक चमत्कारिक वाक्य ते बोलत. लहानपणी मला त्याचा अर्थ कळला नाही. मुंबईच्या त्या भिंतीवर, वाघामागे सुरई धरून उभा असलेला बिननावाचा पट्टेवाला पाहिला, तेव्हा कळला.

साहेबाने आपल्याला मेजावर बसू दिले नाही, हे खरे. पण आपण आपल्या पंक्तीत कुणाला बसू दिले? १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये काही मोठी मंडळी व्याख्यानाला गेली. पुढ्यात चहा-बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशांनी सगळ्यांची नावे छापवून आणली, आणि अख्ख्या पुण्यात ग्रामण्य माजले. रानडे, टिळक, गोखले यांच्यासारख्यांची नावे त्या यादीत. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. एक पेला चहासाठी! आणि ही तर पंक्तीत आधीपासून बसलेल्यांची गोष्ट. ज्यांना पंक्तीच्या आसपास उभे राहण्याचीही मुभा नव्हती त्यांना साध्या पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. तेव्हा क्लबाच्या बंद दारावर आपण फार जोराने बोट दाखवू नये. उरलेली बोटे आपल्याकडेच वळलेली असतात.

धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात इंग्रजी अमदानीतला एक लहानसा बंगला आहे. लोक त्याला लांडोर बंगला म्हणतात. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले होते, तेव्हा त्यांचा मुक्काम तिथे झाला. आजही दर ३१ जुलैला पावसात भिजत हजारो माणसे त्या बंगल्याकडे जातात. मीही एकदा गेलो आहे. तो बंगला कोणत्या साहेबाने बांधला, तिथे कोणती शिकार झाली, याची त्या माणसांना काही मातब्बरी नाही. ज्या ओट्यावर आपल्यातला एक माणूस पाहुणा म्हणून राहिला, तो ओटा पाहावयास ती जातात. खानदेशात बंगल्यांचा इतिहास सांगणारा हा एक बंगला मला पुरेसा वाटतो.

चैत्रात मी पुतण्याला वैजापूरच्या बाजूला, सातपुड्यात घेऊन गेलो. ओळखीचे एक पावरा कुटुंब आहे. सकाळचे आठ वाजले होते. म्हातारी फुले वेचून नुकतीच परतली होती आणि अंगणभर मोह वाळत घातला होता. वास तोच, पेल्यातला. तिने आम्हांला खाटेवर बसवले आणि भाजलेली फुले पानावर दिली. बेदाण्यासारखी लागतात; किंचित कडवट, धुराची चव असलेली. पुतण्याने फुलांचा भाव विचारला. म्हणाली, व्यापारी देईल तो. मग पुतण्याने तिला मुंबईच्या पेल्याची गोष्ट सांगितली. किंमत ऐकून ती हसली नाही, रागावलीही नाही. थोडा विचार करून तिने इतकेच विचारले, “तिथे आमची माणसे असतात का बसायला?”

पुतण्या माझ्याकडे पाहू लागला. मी फुले खात राहिलो. परीक्षेत मुलाला उत्तर सांगावयाचे नसते.

परतताना अडावदपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, “नाना, फुले तिच्याकडूनच घ्यावीत. व्यापाऱ्याकडून नको. आणि भिंतीवर तिचा फोटो, नावासकट. ती हो म्हणाली तर.” मी म्हणालो, “आणि भाव तिने सांगायचा.” तो म्हणाला, “हो. आणि पहिल्या दिवशी ती मंडळी जेवायला. वाढायला नव्हे.”

मला त्याच्या वेताच्या खुर्च्यांचे आता काही वावडे राहिलेले नाही. खुर्ची बिचारी लाकडाची आणि वेताची. जो बसेल त्याची. भरीत काचेच्या पेल्यात घालावे, रस्सा किटलीतून ओतावा, मोहात लिंबू पिळावे. पदार्थाचा धर्म त्याने बाटत नाही. पण जेवणघराचा इतिहास म्हणजे निव्वळ पदार्थांचा आणि पंख्यांचा इतिहास नव्हे. तिथे कोण बसले, कोण उभे राहिले आणि कोण दाराबाहेर होते, हे त्याचे खरे पान आहे. ते गाळून उरतो तो नुसता नेपथ्याचा पडदा.

चार ओळी मी लिहून दिल्या आहेत. त्या अशा:

‘या घरची खुर्ची साहेबाच्या धर्तीची आहे, भरीत खानदेशी शेतकऱ्याचे आहे आणि मोह सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्यांचा आहे. १८२५ साली याच मुलखात साहेबाने भिल्लांना आपली ब्रँडी पाजली. १८७८ साली त्याच्या कायद्याने त्यांची मोहाची भट्टी विझवली. त्याच्या क्लबात आम्हांला जागा नव्हती, आणि आमच्या पंक्तीत पुष्कळांना नव्हती. इथे सर्वांना आहे, बसावे.’

पुतण्याने त्या वाचल्या. “जरा लांब झाल्या,” म्हणाला. पण एकही शब्द कापला नाही. बांधकाम पावसाळ्यात अडले होते, ते आता दिवाळीनंतर पुन्हा सुरू व्हावयाचे आहे. पाटीवर औट्रमचे नाव घालावयाचे की नाही, याचा निकाल अजून लागलेला नाही. रंगाऱ्याला त्याने तूर्त थांबावयास सांगितले आहे.